तात्यांचं डोकं

गेणबानं वस्तऱ्यात नवं पातं बसवलं, जुनं कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून तो थांबला. समोर दादासो पाटावर बसला होता. कमरेला धोतर, बाकी अंग उघडं आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी.

"टोपी काढा, तात्या."

दादासोनं टोपीला हात लावला आणि तो तिथंच ठेवला. वावटळ आली की माणूस धरतो, तशी त्यानं ती धरली. वावटळ कुठंच नव्हती. निरवांगीच्या घाटावर सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं आणि नीरेचं पाणीसुद्धा कंटाळल्यासारखं पडून होतं.

"काढतो. जरा दम घिऊ दे."

"घ्या की. पर गुरुजींना अजून भवानीनगरचा एक दहावा उरकायचाय."

आज फुलाबाईचा दहावा. दादासो तिचा एकुलता एक. मागं मांडवात अंथुर्ण्याची सगळी भावकी बसली होती, पाव्हणे बसले होते, अजून गाड्या येतच होत्या. श्रद्धांजलीच्या भाषणाला उभ्या राहिलेल्या मानसिंगरावांनी माईक हातात घेऊन दोनदा फुंकून बघितला होता. मांडवाच्या पल्याड आमटीला उकळी फुटली होती आणि तिचा वास घाटापर्यंत येत होता. तो वास आला की दादासो टोपी आणखी खाली ओढत होता.

तसं दादासोचं वय चाळिशीच्या अलीकडचं. या वयाची अंथुर्ण्यातली माणसं गॉगल लावून बुलेटवर फिरतात, त्यांना कुणी तात्या म्हणत नाही. दादासोला म्हणत. ही सगळी टोपीची करणी.

त्याची लेक छकुली रांगत होती तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला चट्टा उठला. आधी वाटलं, कोंडा. मग त्याचे माशाच्या खवल्यासारखे पापुद्रे निघायला लागले आणि पापुद्र्याखाली लाल, ओलसर. बारामतीच्या डॉक्टरनं भिंग लावून बघितलं आणि सोरायसिस म्हणून सांगितलं. "हा कुणाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही यानं मरणार नाही. पण हाही तुमच्याआधी मरणार नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

डॉक्टरांनी दिलेल्या शॅम्पूला डांबराचा वास. तो लावून दादासो इंदापूरच्या एसटीत बसला, तर मागच्या सीटवरचा म्हातारा आनंदानं म्हणाला, "आला का हो रस्ता मंजूर?" अर्ध्या गाडीनं खिडकीतून बाहेर वाकून बघितलं. नंतर कुणी आंबट ताक सांगितलं. ताक लावून गोठ्यात जरा टेकला आणि डोळा लागला, तर रेडकानं दाव्यासकट येऊन डोकं चाटून काढलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात जितका आराम पडला तितका कुठल्याच औषधानं पडला नाही. बायको अनिता म्हणाली होती, "मग रोज बसा की त्याच्याम्होरं." पण रेडकालासुद्धा दुसऱ्यांदा ते डोकं आवडलं नाही.

बारामतीच्या सलूनवाल्यानं एकदा कापले केस, दुसऱ्यांदा घरचा कंगवा आणायला सांगितला आणि तिसऱ्यांदा त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक बघतंय." तेव्हापासून अनिता घरीच, मागच्या दारी, शिवणाच्या कात्रीनं त्याचे केस कापायची. गावाला वाटायचं, साधा माणूस आहे, फॅशन नाही.

गडद रंगाचे शर्ट घालायची सोय राहिली नाही. खांद्यावर पडलेलं लगेच दिसतं. म्हणून पांढरे शर्ट. मग डोक्यावरनं पडूच नये म्हणून पांढरी टोपी. ढोबळी मिरचीच्या शेडनेटमध्ये, जिथं उघड्या माणसाला घेरी येते, तिथंही टोपी. आरशात बघितलं तेव्हा दादासोला एक दमलेला माणूस दिसला. गावाला मात्र पांढऱ्या शर्टातला, पांढऱ्या टोपीतला पुढारी दिसला.

आधी बसमध्ये कॉलेजच्या पोरी उठून जागा द्यायला लागल्या. मग बांधाच्या भांडणात त्याला मधे बसवायला लागले. तो बोलायचा कमी, कारण मिटिंग चालू असताना डोक्यात मुंग्या चावत असायच्या आणि खाजवायचं नाही म्हणून दात आवळून बसावं लागायचं. लोकांना ते गांभीर्य वाटायचं. "तात्या कसं तोलून मापून बोलतो बघा." पुढं पुढं तर कुणाचाही दहावा असला की श्रद्धांजलीला दोन शब्द त्यानं बोलायचे असं ठरूनच गेलं. मानसिंगरावांना हे आवडलं नव्हतं. या भागातल्या दहाव्यांची भाषणं पूर्वी त्यांच्याकडंच होती.

आणि तिथंच घात झाला होता. गेल्या साली गेणबाच्या शेजारचा एक पोरगा, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बापाच्या दहाव्याला डोकं भादरायला तयार होईना. नुसती बट कापा म्हणाला. सगळे समजावून थकले तेव्हा दादासो उठला आणि म्हणाला, "बाळा, केसं परत येत्यात. बाप येत न्हाय." पोरगा ढसाढसा रडला आणि मान खाली घालून बसला. ते वाक्य तालुक्यात फिरलं. कुणीतरी त्याला फुलांची चौकट करून मोबाईलवर टाकलं. आता रोज सकाळी ते दादासोलाच शुभ प्रभात म्हणून येई.

परवा रात्री त्यानं चुलत्यांजवळ, आप्पासाहेबांजवळ, विषय काढून बघितला होता.

"आप्पा, नुसती बट कापली तर न्हाय का चालायचं? आजकाल लई लोक..."

आप्पासाहेबांनी पान चघळायचं थांबवलं. "दुसऱ्याच्या पोराला शानपन शिकीवलंस. आन् आता आपल्या आईच्या टायमाला बट व्हय?"

दादासो उठून गोठ्यात गेला. बोलायचं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं. लोक चांगले होते, पण कुणाच्या अंगावर चट्टा दिसला की त्यांच्या तोंडात एकच शब्द यायचा, महारोग. निमगावच्या एकाच्या हाताला असंच काहीतरी होतं, तर त्याच्या घरच्या पंगतीतून लोक पत्रावळी तशाच टाकून उठले होते. दादासोला तेवढंच दिसत होतं. आईच्या दहाव्याचं जेवण, भरलेल्या पत्रावळी, आणि समोर मोकळी सतरंजी. स्वतःचं काय व्हायचं ते होवो. ती बाई आयुष्यभर कुणाला उपाशी जाऊ न देणारी.

त्यात हे दहा दिवस. सुतकात तेल नाही, साबण नाही, औषध नाही. चट्टे पेटले होते. नखं लावायची नाहीत, फारच झालं तर तळव्यानं थापटा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून तो रात्र रात्र अंधारात डोकं थापटत बसायचा. आई होती तेव्हा ही वेळ यायची नाही. दर रविवारी दुपारी ती उंबऱ्यात बसून त्याचं डोकं मांडीवर घ्यायची, करंजीचं तेल जिरवायची आणि भिजलेले पापुद्रे बोटानं अलगद सोडवून पदरात गोळा करायची.

"बर्फ पडला बघ," म्हणायची. "लोक पैसे भरून काश्मीरला जात्यात. माझ्या पदरात पडतोय."

डॉक्टरांनीसुद्धा हातमोजे घातले होते. अनिता करायची सगळं, पण कात्रीच्या टोकानं, श्वास धरून. आईनं कधी श्वास धरला नाही.

"तात्या," गेणबा म्हणाला, "गुरुजी घड्याळ बघाया लागलं."

दादासोनं टोपी काढली.

मागं काय झालं ते त्याला दिसत नव्हतं. समोर फक्त नदी होती. गेणबानं पाणी लावलं, वस्तरा कपाळापासून मागं ओढला आणि दुसऱ्याच ओढीला त्याचा हात थबकला. म्हातारा खाली वाकला. त्याचा श्वास दादासोच्या कानावर पडला.

"आरं देवा," तो पुटपुटला. "दुखतंय का?"

"भादर. थांबू नको."

गेणबा हळूहळू भादरत गेला. जिथं पातं लागेल तिथं रक्ताचा थेंब उभा राहत होता. केसांबरोबर पांढरे पापुद्रे धोतरावर पडत होते. माईकवरचं गुरगुरणं बंद झालं. मांडवातली कुजबुज एका टोकाकडून विझत विझत दुसऱ्या टोकाला गेली. दादासोनं डोळे मिटून घेतले. आता सतरंज्या झटकल्याचा आवाज येईल म्हणून तो वाट बघत बसला.

आवाज आला तो कौसल्यामावशीचा. फुलाबाईची ही धाकटी बहीण दहा दिवस मुक्कामाला होती, दादासोच्या खोलीला लागूनच झोपायला.

"आगं आई गं! डोकं फोडून घेतलंय की रं पोरानं!"

बायकांत एकच कालवा झाला.

"मी ऐकलंय!" मावशी ऊर बडवत सांगायला लागली. "रोज रातच्याला थाड थाड आवाज यायचा. मला वाटलं म्हस खुटा हालवती. ह्यो भितीवर डोकं आपटत हुता गं, आईसाठी! बोलला न्हाय कुनाला. टोपीखाली झाकून फिरला दहा दिस!"

दादासोनं डोळे उघडले. मान वळवायला गेला, तर गेणबानं हनुवटी धरून पुन्हा सरळ केली. "हलू नका. आधीच बिचाऱ्या डोक्याचं काय ऱ्हायलं न्हाय."

मानसिंगराव मुरब्बी माणूस. पाच वर्षं हातचे गेलेले दहावे त्यांना एका क्षणात परत दिसले. त्यांनी माईक तोंडाला लावला.

"बंधू-भगिनींनो! आजकाल आईबाप म्हातारे झाले की पोरं त्यांना विचारत नाहीत. आणि इथं बघा! अरे, बघा या डोक्याकडं! एकेक जखम मोजून घ्या! ही जखम नाही, ही माया आहे!"

माया कपाळावरून ओघळून भुवईत साचली होती. गेणबानं ती उपरण्याच्या कोपऱ्यानं टिपली.

पुढच्या रांगेतले दोघंतिघं मोबाईल उंच करून उभे राहिले. आप्पासाहेब, ज्यांना फार वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हाही कुणी रडताना बघितलं नव्हतं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "मी ह्याला बटंवरनं बोललो रं," ते शेजाऱ्याला सांगत होते. "जखमा दिसू ने म्हून बट म्हनत हुता. माझी जीभ झडली कशी न्हाय!"

बायकांच्या घोळक्यात अनिता पदरात तोंड खुपसून बसली होती. तिचे खांदे गदगदा हलत होते. दोघी बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दादासो एकटाच तिला ओळखत होता. ती हसत होती. मग हसता हसता तिचा आवाज फुटला आणि खरंच रडायला लागली, तेव्हा त्या दोघींना काही फरक कळला नाही.

पिंडाला कावळा लगेच शिवला. या घाटावरच्या कावळ्यांना इतकी सवय झालेली की गुरुजींनी ताट ठेवायच्या आधीच ते रांगेत असतात. पण मानसिंगरावांनी माईकवरून त्याचंही श्रेय लेकाच्या डोक्याला दिलं.

विधी उरकल्यावर रीतीप्रमाणं दादासोचा मेहुणा नवा टॉवेल आणि नवी टोपी घेऊन पुढं आला. दादासोनं मान एवढी घाईनं पुढं केली की मेहुणा दचकला. इतक्या वर्षांत टोपीची एवढी गरज त्याला कधी भासली नव्हती.

"आरं टोपी काय घालतूस?" आप्पासाहेब ओरडले. "जखमंला वारं लागू दे!"

"आणि लोकांना बघू द्या," मानसिंगराव म्हणाले. "पोरांनी बघितलं पाहिजे हे."

टोपी मेहुण्याच्या हातातच राहिली. लोक एकेक करून जवळ येत होते, हात जोडत होते, डोक्याकडं बघत होते आणि मान हलवत पुढं सरकत होते. दादासोनं एकदा तोंड उघडलं. "अहो, हे तसं न्हाय..." समोरच्या माणसानं त्याचे दोन्ही हात धरले. "काय बोलू नगा, तात्या. कळतंय आमाला."

अनिता पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी आली. डोळे सुजलेले, ओठ दाबून धरलेले.

"सांगून टाकू?" त्यानं विचारलं.

"कुनाला?"

"सगळ्यांला."

तिनं मांडवाकडं बघितलं. सतरंज्या भरत आल्या होत्या. लोक मांड्या सरकवून एकमेकांना जागा करून देत होते.

"जेवू द्या आधी लोकांना," ती म्हणाली. "आत्याबायची पंगत हाय."

तो जाऊन पंगतीत बसला. उघड्या डोक्यावरून वाऱ्याची एक झुळूक गेली. किती वर्षांनी गेली. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्याला शीण आला. उद्यापासून आणखी एक ओझं. आता तो नुसता तात्या राहणार नव्हता. आईसाठी डोकं फोडून घेणारा तात्या होणार होता, आणि हे चट्टे काही महिनाभरात बरे होणारे नव्हते. लोक म्हणतील, अजून आपटतोय. आणि रविवारी दुपारी उंबऱ्यात कुणी नसेल.

पत्रावळीवर भात पडला. शेजारी निरवांगीच्या द्वारकाबाई येऊन टेकल्या. फुलाबाईची जुनी मैत्रीण. वयामुळं त्या पुरुषांच्या पंगतीतही हक्कानं बसायच्या, कुणाची काही म्हणायची टाप नव्हती.

"असा ल्योक पायजे," त्या म्हणाल्या. "नशीब लागतं. आता माझं बी काय वाईट न्हाय हां. पोरगं हाय दारुडं, पर सून सोन्यावानी. ती बघ, आमटी वाढती ती. संस्कृती."

संस्कृती बादली घेऊन रांगेतून येत होती. पंचविशीची असेल. बाकीच्या तरण्या बायका ड्रेसवर ओढणी टाकून आल्या होत्या; ही नऊ जागी पिना टोचल्यासारखा घट्ट पदर डोक्यावर घेऊन, घामानं निथळत, पळीनं आमटी वाढत होती.

"आजकालच्या पोरी कुठं पदर घेत्यात?" द्वारकाबाईंचा आवाज चार पत्रावळींपर्यंत गेला. "हिला मी न्हाय सांगितलं. आपल्या मनानंच. सासऱ्याम्होरं सोड, घरात एकली असली तरी पदर काढायची न्हाय. झोपताना बी न्हाय. आळीतल्या बायका बघाया येत्यात. नावापरमानं वागती."

"व्हय," दादासो म्हणाला. तो भाताकडं बघत होता.

संस्कृती त्याच्यासमोर वाकली. पळी पत्रावळीवर आली आणि तिथंच राहिली. आमटीची धार भाताच्या कडेनं वाहत सतरंजीकडं निघाली. ती त्याच्या डोक्याकडं बघत होती. बाकीचे बघत होते तसं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं होतं, साधारण तसं. आणि आईसारखाच तिनंही श्वास धरला नव्हता.

"लई दुखतं का हो, तात्या?" तिनं हळूच विचारलं.

"दुखनारच की," द्वारकाबाई म्हणाल्या. "आई गेलीय त्याची."

दादासोनं वर बघितलं. सगळी पंगत जेवत होती. भुरके मारल्याचे आवाज येत होते, कुणीतरी दुसऱ्यांदा भात मागत होतं. आईला आवडलं असतं.

"दुखत न्हाय," तो म्हणाला. "खाजतं."

"जखम भरून आली की खाजतंच," द्वारकाबाईंनी घास उचलला. "हळद लाव."

संस्कृती हलली नाही. मागच्या वाढप्यानं तिला दोनदा "व्हा म्होरं" म्हटलं. तिनं बादली खाली ठेवली, सांडलेली आमटी पुसायचं निमित्त करून ती गुडघ्यावर बसली आणि तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. पदरावरूनच तिनं तळव्यानं डोकं दोनदा थापटलं.

"किती वर्सं झाली?"